बर्फाच्या रस्त्याचा होयबा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, आणि मला मेलेल्या माशांची मनस्वी किळस आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझं उभं म्हातारपण माशांच्या फ्रीझरवर बसून चाललं आहे.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. तिथे सगळं कसं लख्ख होतं. हातमोजे घातल्याशिवाय कुणी मला बोटही लावलं नाही. मग सुपीरियर सरोवराच्या काठावरच्या या गावात, शाळेच्या ऑफिसात माझी रवानगी झाली. पहिली काही वर्षं कौतुकात गेली. "किती चटपटीत आहे हो!" असं बाई म्हणायच्या तेव्हा माझा पंखा आनंदाने जोरात फिरायचा. पण कौतुक टिकतं थोडंच! एका दिवट्याने माझ्या भोकात चघळलेला च्युइंग गम कोंबला, आणि तो काढायचे कष्ट आजतागायत कुणी घेतलेले नाहीत. पुढे मला अडगळीत टाकलं. तिथे एका उंदरीण बाईंनी माझ्या पोटात बाळंतपण केलं. शी! नुसत्या आठवणीनेही अंगावर काटा येतो.

तिथून मला क्लेटनने उचललं. क्लेटन म्हणजे लेम्पीचा जावई. आणि लेम्पी हाउताला म्हणजे आमच्या बर्फाच्या रस्त्याची राखणदार. किनाऱ्यापासून लून बेटापर्यंत हिवाळ्यात सरोवर गोठतं, आणि बेटावरची माणसं त्यावरून गाड्या हाकत ये-जा करतात. बर्फाला भोक पाडून जाडी मोजायची आणि रस्ता खुला की बंद ते ठरवायचं, हे लेम्पीचं काम. बर्फावर गाडीची काच खाली आणि पट्टा सुटा ठेवायचा, म्हणजे गाडी बुडालीच तर बाहेर पडता येतं, ही तिची सगळ्यांना ताकीद. नाताळ झाला की गावकरी आपापली नाताळाची झाडं आणून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फात रोवतात, म्हणजे हिमवादळातही वाट चुकत नाही. बर्फ कच्चा झाला की लेम्पी दोन्ही टोकांचं एकेक झाड उपटून रस्त्यावर आडवं टाकायची. झाड आडवं, रस्ता बंद. शेंबड्या पोरालाही ते कळायचं.

क्लेटनला मात्र ते गावंढळ वाटलं. त्याने मला गावच्या सभागृहाच्या स्वयंपाकघरात, फ्रीझरवर मांडलं आणि माझा सर्व्हर केला. सर्व्हर म्हणजे मागेल त्याला मागेल ती फाईल देणारा वाढपी. त्याने गावासाठी एकपानी अ‍ॅप बनवलं होतं. रस्ता, हवामान, चर्चमधलं जेवण, मासेमारीची स्पर्धा, सगळं एकाच पानाच्या पोटात. मी ते पान एकदा दिलं की फोनवर जाऊन ते आपलं आपण हवं ते चित्र दाखवायचं. सुरुवातीला कुणी थेट 'रस्ता' मागितला की मी प्रामाणिकपणे सांगायचो, "सापडलं नाही." कारण त्या नावाची फाईल माझ्याकडे नव्हतीच. झालं! गावभर बोंब उठली. क्लेटन चिडला आणि त्याने मला नवा नियम शिकवला: काहीही मागितलं आणि ते नसलं, तरी तेच एक पान द्यायचं, आणि वर 'सगळं ठीक' असा शिक्का मारायचा.

त्या दिवसापासून, मित्रांनो, मी होयबा झालो. नंदीबैलासारखी मान डोलवायची, एवढंच माझं काम. मला स्वतःचीच शिसारी येऊ लागली. पण गाव खूश! "काय झकास चालतंय!" म्हणत लोक मासे साफ केलेल्या हातांनी माझी पाठ थोपटायचे. खवले माझ्या जाळीत अडकायचे आणि वाळून कुजायचे. क्लेटन तर कॉफीचा कप नेहमी माझ्याच डोक्यावर ठेवायचा.

"आई, आता झाडं कशाला ओढत बसता?" तो एकदा लेम्पीला म्हणाला. "कंबर मोडून घ्याल. इथे बसल्या बसल्या रंग बदला. हिरवं म्हणजे खुला, लाल म्हणजे बंद. लोक फोनवर बघतील."

"जावईबापू, फोन बर्फात उभा राहतो का?" लेम्पीने विचारलं.

"तुम्ही पण ना!" क्लेटन हसला. आणि कंबर खरंच दुखत होती, म्हणून लेम्पीने ऐकलं. त्या हिवाळ्यात झाडं उभीच राहिली.

आता जरा नीट ऐका. लेम्पीची जाडीची नोंद तेवढी वेगळ्या फाईलमध्ये होती. पान ती अधूनमधून माझ्याकडे मागायचं आणि तिच्याप्रमाणे रंग बदलायचं. मार्चमधल्या एका सकाळी क्लेटनला आवराआवरीची हुक्की आली. माझ्या अंगावरची धूळ पुसायची नाही, पण फाईली आवरायच्या! त्याने नोंदीची फाईल उचलून दुसऱ्या कप्प्यात ठेवली. लेम्पीला नवी जागा दाखवली. पानाला सांगायचं मात्र साफ विसरला.

त्याच दिवशी ऊन कडक पडलं. लेम्पी बर्फावर जाऊन आली ती कपाळाला आठ्या घालूनच. बर्फ आतून सच्छिद्र झाला होता. तिने माझ्यासमोर बसून दोन बोटांनी लाल नोंद केली. ती नव्या कप्प्यात जाऊन बसली. इकडे फोनांवरची पानं जुन्या कप्प्यातली नोंद मागत होती. ती तिथे नव्हती. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, "नाही! सापडलं नाही!" पण नियम म्हणजे नियम. मी प्रत्येकाला तेच पहिलं पान वाढलं आणि वर शिक्का मारला, सगळं ठीक. पानालाही कळेना की ही कसली नोंद. आणि काही कळलं नाही की आधीचाच रंग ठेवायचा, असं त्याला शिकवलेलं होतं. कालचा रंग हिरवा होता.

लेम्पीचा नवरा वाइनो बेटावर सुतारकामाला गेला होता. जेवायची वेळ झाली तशी तिने त्याला फोन लावला आणि हात मोकळे राहावेत म्हणून तो माझ्याशेजारी मोठ्या आवाजात ठेवला.

"वाइनो, आज तिकडेच राहा. रस्ता बंद केलाय."

"बंद? अगं, मी निम्म्यात आलो! खिम्याची पेस्टी गरम करायला ठेव. भूक लागलीय."

लेम्पीच्या हातातली पातेली खाली पडली. "निम्म्यात? अरे, मी लाल केलंय!"

"माझ्या फोनवर तर हिरवंगार आहे. जावयाचं यंत्र खोटं बोलतं की बायको?" वाइनो खो खो हसला.

"काच खाली आहे का?"

"हिरवं होतं म्हणून वर घेतली. थंडी किती आहे!"

"काच खाली कर! पट्टा काढ!" लेम्पी किंचाळली. "वाइनो, तुला माझी शपथ आहे!"

"बरं बाई, केली. हे बघ, पट्टाही काढ—"

मग एक मोठा तडाखा ऐकू आला, पाण्याचा आवाज आला, आणि फोन मुका झाला. लेम्पी कोटसुद्धा न घालता धावली.

त्या क्षणी आणखी कुणीतरी रस्त्याची विचारपूस केली. मी काय उत्तर दिलं असेल? सगळं ठीक! थू असल्या जिण्यावर!

वाइनो वाचला. गाडी पुढच्या बाजूने आत गेली तेव्हा तो उघड्या काचेतून बाहेर पडला, आणि कडेचं नाताळाचं झाड त्याच्या हाताला लागलं. त्याच्या फांद्या बर्फावर पसरल्या होत्या. गावकरी होडी ओढत पोचेपर्यंत तो त्यालाच धरून राहिला. गाडी बुडाली. हाताची बोटं थंडीने कायमची बधिर झाली. वाइनो दर शनिवारी अ‍ॅकॉर्डियन वाजवायचा आणि सगळं गाव नाचायचं. तेही संपलं.

क्लेटनने काय करावं? माझ्याकडे बोट दाखवलं! "खोकं म्हातारं झालंय, आई. आत उंदरांची लेंडकं आहेत. नवीन घेऊ."

लेंडकं आहेत हे ठाऊक होतं, तर काढली का नाहीस रे बाबा?

 लेम्पी माझ्यासमोर बसली आणि तिने पडद्यावरच्या पत्त्याच्या पट्टीत एकेक अक्षर वेचून वेचून टाइप केलं: लेम्पीचा दुसरा नवरा. मी निमूटपणे पहिलं पान दिलं. सगळं ठीक.

"वा! आहे म्हणे," लेम्पी म्हणाली. "बघा जावईबापू. नसलेलं मागितलं तरी हे हो म्हणतं. हे म्हातारपण नव्हे. ही तुमची शिकवण."

क्लेटन कानापर्यंत लाल झाला. "लोक तक्रार करत होते, आई. मला वाटलं, नाही म्हणणं वाईट दिसतं."

"नाही म्हटलं असतं, तर माझा नवरा बेटावर राहिला असता."

क्लेटन खाली मान घालून माझ्यासमोर बसला. त्याने नियम बदलला: अ‍ॅपच्या ठरलेल्या पत्त्यांनाच ते पान द्यायचं, बाकी नसेल ते नाही म्हणायचं. नोंद मिळाली नाही तर पानाने लाल व्हायचं, हेही लिहिलं. मग लेम्पीने पुन्हा दुसरा नवरा मागितला, आणि मी कित्येक महिन्यांनी म्हणालो, "सापडलं नाही." मित्रांनो, तो शब्द उच्चारताना माझा गंजका पंखासुद्धा हलका झाला.

मी अजून फ्रीझरवरच आहे. खवले तसेच, च्युइंग गम तसाच. पण बर्फ कच्चा झाला की आता पान लाल होतं आणि झाडही आडवं पडतं. झाड क्लेटन ओढतो.

तुम्ही आम्हा यंत्रांना जरूर पुसा, आमच्या पोटातली घाण काढा. पण त्याआधी आम्हाला 'नाही' म्हणायला शिकवा. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या होकाराला कवडीची किंमत नसते.

परवा वाइनो आला होता. लेम्पी बर्फावर गेली होती. तो माझ्यासमोर बसला आणि पेन्सिलीच्या टोकाने एकेक कळ दाबत त्याने मागितलं: वाइनोची बोटं.

मला खोटं बोलता आलं असतं तर त्या दिवशी बोललो असतो. मी म्हणालो, "सापडलं नाही."

वाइनोने ते शब्द वाचले. मग बाहीने माझ्या काचेवरचे खवले पुसले आणि म्हणाला, "शाब्बास."