डनरशॉंची भिंत

“आजोबा, आपण खरंच डनरशॉ आहोत हे कुणी तपासून बघितलंय का?”

हा प्रश्न मी माइकवर विचारला, एक्केचाळीस माणसांसमोर. आणि तो माझा नव्हताच, हे आधीच सांगून टाकते. त्याने माझी सुटका होते असं नाही.

प्रश्न माझ्या वर्गमैत्रिणीचा, झाराचा. बायोलॉजीच्या तासाला सर सांगत होते की पुरुषाचं वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जसंच्या तसं जातं. झाराने वहीच्या कोपऱ्यात लिहिलं, ‘हेटी, हे म्हणजे तुमचं आडनावच की. सातशे वर्षं? आणि मध्ये कुणीच काही लपवलं नाही?’ दुसरी मैत्रीण इमोजेन, तिने खाली लिहिलं, ‘जूनमध्ये आजोबांना विचार. सगळ्यांसमोर. नाही विचारलंस तर तू अजून ती सातवीतलीच हेटी.’

सातवीतली हेटी म्हणजे हजेरीला ‘येस मिस’ म्हणतानाही जिचा आवाज फुटायचा नाही ती. पण यंदा मी शाळेच्या वादविवाद संघात होते. दोन स्पर्धा जिंकल्या होत्या. मला वाटायचं, जगात मी विचारू शकत नाही असा प्रश्नच उरलेला नाही. मी म्हणाले, “त्यात काय, विचारते.”

आमचं आडनाव फार थोड्यांचं आहे. सगळ्या जगात मिळून साडेपाचशे असतील, आणि ते सगळे आमच्या गावामागच्या टेकडीवरून निघाले असं म्हणतात. टेकडीवर एक शेत आहे, त्याचं नाव डनरशॉ. सातशे वर्षांपूर्वी तिथल्या कुणा अॅडमने डुकरं मोकाट सोडली म्हणून त्याला दंड झाला, आणि कारकुनाने लिहिलं, ‘डनरशॉचा अॅडम’. एवढ्यावर आमचं घराणं उभं. पुढे अॅडमची पोरंबाळं खाली गिरण्यांत आली, तिथून लेस्टरला गेली, काही जहाजात बसून कॅनडाला, काही ऑस्ट्रेलियाला. आम्ही मात्र कुठेच गेलो नाही. सातशे वर्षांत आमची मजल काय, तर शेतापासून अर्धा मैल खाली. म्हणून आम्ही मूळ, आणि बाकीच्या फांद्या. जगभरच्या डनरशॉंनी काढलेल्या आडनावाच्या मंडळात आजोबांना फार मान होता तो याचाच.

दरवर्षी जूनमध्ये मंडळ जमतं. चॅपलच्या हॉलमध्ये हॅम सँडविच आणि चहा, मग सगळी वरात टेकडीवर. पुढे आजोबा. शेत कधीच दुसऱ्यांचं झालंय, आता ते मिसेस बूथचं आहे, पण फाटकापासून दोन्ही बाजूंची दगडी भिंत आजोबाच राखतात. चुना नाही, सिमेंट नाही, नुसते दगडावर दगड. पहिल्यांदा आलेला प्रत्येक डनरशॉ एक दगड उचलतो आणि आजोबा तो कुठे बसवायचा ते दाखवतात. ऑस्ट्रेलियाहून आलेली धिप्पाड माणसं तिथे रडताना मी पाहिली आहेत. खाली हॉलमध्ये वंशवृक्षाचा मोठा कागद असतो. सोळावं वर्ष लागलं की आपलं नाव आपल्या हाताने शाईत लिहायचं, बापाच्या नावाखाली. माझी पाळी पुढच्या जूनमध्ये.

तर मी प्रश्न विचारला. लोक हसले, कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. आजोबा हसले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले, आणि मी वेडी, मला वाटलं कौतुकाने बघतायत.

ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅटहून आलेले रे उठून आजोबांना म्हणाले, “पोरगी हुशार आहे, विल्फ. आम्ही तिघांनी केली आहे की तपासणी. मी, ओंटारिओचा डग आणि आपला क्लाइव्ह. तिघांचं तंतोतंत जुळलं. राहिलायस तो तूच.”

क्लाइव्ह म्हणजे मंडळाचे सेक्रेटरी, लेस्टरचे. त्यांच्या बॅगेत डीएनए तपासणीचं जादा किट होतं, असतंच. “विल्फ, दोन मिनिटांचं काम आहे. गालाच्या आतून काडी फिरवायची.”

“आत्ता चहा पितोय मी,” आजोबा म्हणाले.

“मग संपव की चहा,” रे म्हणाले, आणि पुन्हा सगळे हसले.

आजोबांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. मी माइक धरून उभी, गाल लाल, तोंडभर हसू. मग ते म्हणाले, “आण इकडे.” काडी ठेवायची नळी मीच धरली होती. फोटो आहे त्याचा. झाराला आणि इमोजेनला मी तिथूनच पाठवला.

ऑगस्टमध्ये निकाल आला. रे, डग, क्लाइव्ह एकमेकांशी जुळतात. आजोबा कुणाशीच जुळत नाहीत.

क्लाइव्हनी फार छान पत्र लिहिलं. याने काहीच बदलत नाही, असं त्यात दोनदा होतं. पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमाची पत्रिका सोबत होती. टेकडीच्या वाटचालीपुढे लिहिलं होतं : नेतृत्व, क्लाइव्ह डनरशॉ.

 आजोबा रविवारच्या जेवणाला यायचे बंद झाले. एकदा डोकं दुखत होतं, एकदा मोटार चालू होत नव्हती, वास्तविक ते आमच्याकडे चालतच येतात. बाबा म्हणाला, “येतील गं, जरा वेळ जाऊ दे.” आई बटाटे मात्र आजोबांच्या वाटचेही टाकत राहिली आणि सोमवारी आम्ही ते खात राहिलो.

शाळेत झारा म्हणाली, “बाप रे, म्हणजे माझं खरं निघालं.” मग माझं तोंड बघून म्हणाली, “मी गंमत केली होती गं. तू खरंच माइकवर विचारशील असं मला कुठे माहीत?” तिचंही बरोबर होतं. पैज लावणाऱ्याने पैज लावली. नळी मी धरली होती.

नोव्हेंबरात आठवडाभर पाऊस झाला आणि टेकडीवरची भिंत फाटकाजवळ कोसळली. अशी भिंत कोसळतेच कधीमधी, आणि आजोबा दोन दिवसांत ती उभी करतात. यंदा तीन आठवडे झाले. रविवारी सकाळी मिसेस बूथचा फोन आला. मी घेतला.

“विल्फ आजारी आहे का गं? माझ्या मेंढ्या रस्त्यावर फिरतायत. परवा तर एक बसथांब्यावर उभी होती.”

“सांगते त्यांना,” मी म्हणाले.

सांगायला गेले नाही. जायचं धैर्य नव्हतं. त्याऐवजी बाबाचे हातमोजे घेतले आणि एकटीच टेकडीवर गेले. मनात काय होतं ते खरं सांगते : भिंत मी बांधून टाकेन, आजोबा बघतील, आणि मग मला माफी मागावी लागणार नाही.

दीड तासात मी गुडघ्याएवढी भिंत रचली. लांब लांब दगड बाहेरच्या बाजूला आडवे लावले, एका दगडात केवढी जागा भरते म्हणून. मला तर ती सुंदर दिसत होती.

“हे कुणी रचलंय?”

आजोबा मागे उभे होते. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून फाटक समोर दिसतं, हे मी विसरले होते.

“मी.”

“मेंढीने अंग घासलं तरी पडेल. काढ सगळं.”

“सगळं?”

“सगळं. दगडाची लांबी भिंतीच्या आत जाते, बाहेर फक्त त्याचं तोंड. तू उलटं केलंयस. दिसायला चांगलं आणि आत पोकळ.”

मी काढायला लागले. तेही वाकले. त्या सकाळी ते माझ्याशी तीन महिन्यांत पहिल्यांदा इतकं बोलले होते, तर मी गप्प राहावं की नाही? पण मी पडले वादविवादवाली. रात्ररात्र जागून मी एक मुद्दा तयार केला होता. म्हणाले, “आजोबा, मी विचार केलाय. जो माणूस गावातच राहतो त्याला गावाच्या नावाने कुणी हाक मारत नाही, बरोबर? जो बाहेरून आलेला किंवा निघून गेलेला असतो त्यालाच म्हणतात, हा अमक्या गावचा. म्हणजे ते नाव जागेचं, रक्ताचं नाही; अॅडमलाही ते नुसतं या जागेवरून मिळालं. आपणही इथे राहिलो. मग आपण त्याच्याइतकेच डनरशॉ आहोत.”

आजोबांनी हातातला दगड बसवला, हलवून बघितला.

“छान बोललीस,” ते म्हणाले. “जूनमध्येही छान बोलली होतीस.”

मला त्यापेक्षा एक थप्पड परवडली असती.

आम्ही दगड लावत राहिलो. दोन बाजू, पोटात बारीक चिपा. चिपा भरायचं काम माझं. मग ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, “मला माहीत होतं.”

“काय?”

“निकाल काय येणार ते. सत्त्याऐंशी साली मी चर्चची जुनी नोंदवही बघत होतो. तेव्हा हाताने पानं उलटावी लागत. सतराशे एक्केचाळीस सालचा बाप्तिस्मा. टॉमस, डनरशॉच्या फाटकापाशी सापडलेला मुलगा. आईचं नाव नाही, बापाचं नाव नाही. शेतावरच्या डनरशॉ नवराबायकोला मूल नव्हतं. त्यांनी ठेवून घेतला. सापडला त्या जागेचंच नाव दिलं, तशीच रीत होती. आपण त्या टॉमसचे.”

“आणि तुम्ही?”

“मी वही मिटली. घरी येऊन कागदावर टॉमसला त्या दोघांचा मुलगा म्हणून लिहिलं. खोटं काय त्यात, असं स्वतःला म्हटलं. तेव्हापासून म्हणतोय.”

माझ्या हातात मूठभर चिपा होत्या. “मग काडी का फिरवलीत? नाही म्हणायचं होतं. डेंटिस्टने सांगितलंय म्हणायचं. काहीही.”

“नाही म्हणायला तुला खाली बसवावं लागलं असतं.” आजोबांनी हातमोज्याने नाक पुसलं. “तीन वर्षांपूर्वी बेकरीत पाव मागायला तू माझ्या पाठीमागे लपायचीस. हातात पैसे, आणि तोंडातून शब्द नाही. आणि त्या दिवशी तू माइक धरून उभी. सगळे तुझ्याकडे बघतायत आणि तू बघू देतेयस. म्हटलं, म्हाताऱ्याचं काय जायचं ते जाऊ दे.”

मी तिथेच चिखलात बसले. रडले नाही असं लिहिणार होते, पण रडले.

“ती पैज होती,” मी म्हणाले. “मैत्रिणींनी लावलेली. मला उत्तर नकोच होतं. मला फक्त विचारायचं होतं.”

“हं,” ते म्हणाले. “ते माहीत नव्हतं.” आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा पडलेला मला दिसला. त्यांना वाटलं होतं, निदान पोरीला मनापासून जाणून घ्यायचं होतं. तेवढंही मी काढून घेतलं. दगडापेक्षा ते जड गेलं मला, आणि अजून जातंय. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं का? मला ठरवता येत नाही.

थोड्या वेळाने त्यांनी एक लांब चपटा दगड दाखवला. “हा धर तिकडून. हा दोन्ही बाजूंना आरपार जातो. हा नसला तर दोन्ही तोंडं वेगवेगळी होऊन पडतात.” आम्ही तो दोघांनी मिळून चढवला. माझी बोटं चेंगरली, तरी मी दगड सोडला नाही.

“आजोबा, ते पान अजून आहे?”

“कुठे जाणार? नोंदवहीतच.”

“मी ते सगळ्यांना सांगू का? जूनमध्ये?”

त्यांनी मान वर केली. “या वेळी आधी विचारतेयस म्हणायचं.”

“हो.”

“मी माइक धरणार नाही.”

“तुम्ही नका धरू.”

“आणि तुझ्या त्या मुद्द्याचं भाषण करायचं नाही. अॅडम आणि गाव आणि काय ते. टॉमसची नोंद वाचायची आणि खाली बसायचं.”

“बरं.”

ते वरच्या थराचे दगड लावत राहिले. मग म्हणाले, “भूक लागलीय मला. तुझ्या आईने आज काय केलंय?”

मी पुढे धावत आले. आई ग्रेव्ही ढवळत होती, बाबा ओव्हनसमोर उकिडवा बसून पुडिंगं फुगतायत का बघत होता. माझी पँट कमरेपर्यंत चिखलाची. आई म्हणाली, “अगं, आधी बूट काढ,” आणि मी म्हणाले, “काढते, पण आजोबा बाहेर नळावर हात धुतायत, ते आत यायच्या आधी दोघं ऐका. जूनमध्ये कागदावर मी माझं नाव लिहिणार. पण आधी टॉमसच्या वरची दोन नावं खोडणार आणि तिथे लिहिणार, फाटकापाशी सापडला. मग त्याची नोंद वाचणार, आजोबांना विचारलंय मी. आणि वाचून झालं की सगळ्यांना सांगणार की तो प्रश्न मी पैजेसाठी विचारला होता. क्लाइव्हना आज दुपारीच तसं पत्र लिहितेय. तुम्ही त्यातलं काही कमी करायला सांगू नका.”