वासाची पारख

अंबिकानं ग्लास दांडीला धरून पांढऱ्या कापडासमोर तिरका केला आणि आतल्या लाल वाइनचा रंग सगळ्यांना दाखवला.

"कडेला बघा, विटकरी झाक दिसते. म्हणजे ही जरा मुरलेली..."

वाक्य तिथंच राहिलं. टोपी हातात घेऊन तिचे सासरे त्रिंबकराव दारातून आत येत होते. चपला त्यांनी बाहेर काढून ठेवल्या होत्या. त्या खोलीत कोणीच चपला काढत नसे.

नाथसागराच्या काठावरच्या या वायनरीत अंबिका दोन वर्षांपासून पाहुण्यांना फिरवत होती. आधी द्राक्षमळा, मग टाक्या आणि लाकडी पिंपं, शेवटी पाण्याकडे उघडणाऱ्या या खोलीत चव. घरी, बजाजनगरला, तिनं द्राक्षांच्या कंपनीत पॅकिंगचं काम आहे एवढंच सांगितलं होतं. तिचा नवरा रामेश्वर दारूनं गेला, त्याला तीन वर्षं होत आली होती. तेव्हापासून सासूबाईंनी, राजाबाईंनी, घरात दारूचं नावही निघू दिलं नव्हतं. गल्लीतून वरात निघाली की पिणारे नाचताना दिसतील म्हणून त्या नातीला खिडकीत उभं राहू देत नसत. पण त्याच राजाबाई रोज सकाळी श्रेयाची वेणी घालत, डबा भरत, तिला शाळेच्या रिक्षात बसवत. म्हणून अंबिकाची नोकरी चालली होती.

त्रिंबकरावांच्या मागोमाग मोतीराम आले. दोघांनी वाळूजच्या एकाच कारखान्यात उमेदीची वर्षं काढली होती. मोतीरामांच्या मुलानं अलीकडे पर्यटकांसाठी गाडी सुरू केली होती. सकाळी शहराजवळची एक छोटी बिअर बनवणारी ब्रुअरी, दुपारी धरणाजवळ मासळीचं जेवण आणि मग ही वायनरी. आज गाडीत दोन जागा रिकाम्या राहिल्या, तेव्हा पाण्यावरचे पक्षी बघू म्हणून मोतीरामांनी मित्राला ओढून आणलं होतं. बाकीची मंडळी पुण्याची होती. ब्रुअरीतली बिअर त्यांच्या आवाजात उतरली होती.

मोतीरामांनी डोळे बारीक केले.

"त्रिंबकराव, ही तुमची सूनबाई नव्हं?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. त्रिंबकरावांची नजर अंबिकाच्या काळ्या कोटावरून छातीवरच्या नावाच्या पट्टीपर्यंत गेली.

"व्हय," ते म्हणाले. "आमचीच." आणि मागच्या बाकावर जाऊन बसले.

अंबिकानं ग्लास खाली ठेवला. बाटलीचं तोंड पुसलं आणि पुढचं सांगायला लागली. मग एकेकाच्या ग्लासात ओतत निघाली. मागच्या बाकाशी गेल्यावर तिनं मोतीरामांचा ग्लास भरला. त्रिंबकरावांनी आपल्या ग्लासावर हात ठेवला. ती पुढं सरकली.

"मला तर नुसता आंबट वास येतोय," पुण्याच्या एक बाई म्हणाल्या. "तुम्हाला काय काय येतं?"

अंबिकानं ग्लास नाकाशी धरला.

"जांभूळ. ओलं लाकूड. मागून थोडी लवंग."

बाईंच्या नवऱ्याला गंमत वाटली. त्यानं तिला डोळे मिटून, पाठ करून उभं राहायला सांगितलं, वेगवेगळ्या बाटल्यांतलं थोडं थोडं ओतलं आणि एकेक ग्लास तिच्या नाकाखाली धरत गेला. तिनं प्रत्येक वाइन ओळखली. शेवटचा ग्लास आल्यावर ती म्हणाली, "ही आमची नाही. सकाळची बिअर आहे. तुम्ही बाटली सोबत आणलेली दिसते."

सगळे हसले. बाईंनी टाळ्या वाजवल्या.

"कुठं शिकलात हो इतकं? कोर्स केलात का?"

हा प्रश्न तिला नेहमीचा होता. सरावानं येतं, असं ती सांगायची. आज तो शब्द तोंडातून निघेना.

"घरी," ती म्हणाली.

घरचा द्राक्षमळा असेल, असं समजून कोणीतरी वा वा म्हटलं. मोतीरामांनी ग्लास हळूच खाली ठेवला. त्रिंबकराव खिडकीबाहेर बघत राहिले.

रामेश्वर संध्याकाळी उंबऱ्याशी आला की त्यानं तोंड उघडायच्या आत तिला कळायचं. देशी की इंग्रजी, एकट्यानं की मित्रांत, दुपारपासून की आत्ताच. त्यावर ती ठरवायची, ताट वाढायचं की श्रेयाला शेजारी धाडायचं. अंदाज चुकला तर त्याची किंमत तिला किंवा पोरीला मोजावी लागे. त्यामुळे तो फारसा चुकत नसे.

मंडळी बाटल्या विकत घ्यायला दुकानात गेली. अंबिका बाहेर व्हरांड्यात आली. त्रिंबकराव कठड्याला धरून उभे होते. पाणी बरंच मागे सरलं होतं आणि उघड्या पडलेल्या गाळात कोणीतरी हरभरा केला होता. त्याच्या पलीकडे पांढरे पक्षी एका पायावर उभे होते.

"मामा, मी सांगणार होते."

त्यांनी मान हलवली. आता सासूबाईंचं नाव निघेल, मग श्रेयाचं, म्हणून ती थांबून राहिली.

"तू पितीस का?"

"नाही. तोंडात घेऊन थुंकायची असते. कामापुरती."

"हं." त्यांनी पक्ष्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "दारात आला की कळायचं तुला?"

"कळायचं."

"आमाला नाय कळायचं. त्याच घरात ऱ्हात होतो आमी." त्यांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. "कळून घ्यायचं नव्हतं म्हण."

तिनं कठड्यावरचं वाळकं पान खाली टाकलं.

"एक इचारू? शेवटच्या महिन्यात... सुटली व्हती ना त्याची?"

त्या महिन्यात रामेश्वरनं श्रेयाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती. राजाबाई आजही आल्यागेल्याला सांगत, माझ्या लेकानं शब्द पाळला, जाताना त्याच्या तोंडाला थेंब नव्हता. कुडीच आधी पोखरली होती, त्याला तो काय करणार. हे सांगताना त्यांचा आवाज ताठ असायचा. एरवी रामेश्वरबद्दल त्या बोलतच नसत.

त्याला दवाखान्यात नेलं त्या सकाळी अंबिका त्याचं तोंड पुसत होती. खोकल्याच्या औषधाच्या वासाखाली बडीशेप होती आणि तिच्याखाली देशी संत्रा दारूचा तो कडवट वास. तिनं रुमाल धुतला, पिळला, पुन्हा धुतला. ही गोष्ट तिनं कोणालाच सांगितली नव्हती.

गाळावरून वारा आला. तिनं कोटाचं बटण लावलं, काढलं, परत लावलं.

"सुटली होती, मामा," ती म्हणाली. "शेवटी थेंबसुद्धा नव्हता."

त्रिंबकरावांनी तिच्याकडे पाहिलं. मग पाण्याकडे. खाली गाडीचा हॉर्न वाजला आणि मोतीरामांनी हाक मारली. त्रिंबकरावांनी टोपी डोक्यावर नीट बसवली, दाराशी जाऊन चपला पायात सरकवल्या.

"तुझ्या कामाचं सासूला मी सांगतो आज," ते म्हणाले. "चार दिस बोलंल, मग ऱ्हाईल. पोरीकडं बघायचं नाय सोडणार ती."

"हो, मामा."

दोन पायऱ्या उतरून ते थांबले. वळले नाहीत.

"आन् शेवटच्या महिन्याचं तिनं कधी इचारलं, तर तिलाबी असंच सांग," ते म्हणाले. "फकस्त इतका येळ लावू नको."