गुलाबी स्क्रीन

हॉस्पिटलात कुठे कोणता स्क्रीन शोभेल हे ठरवायला साहेबांनी समिती नेमली. समितीने आठवडाभर चहा ढोसत अक्कल पाजळली. अंधाऱ्या बोळात स्वतःचा उजेड नसलेला, कागदासारखा फलक लागला. तो वाचायला लोक मोबाइलची बॅटरी लावतात. भर उन्हातल्या दारावर आरशासारखा चकचकीत स्क्रीन आला. त्यावर नंबर दिसत नाही, पण केस छान विंचरता येतात.

आणि ज्याच्यावर फुलांचा व्हिडिओ सगळ्यांत टवटवीत दिसला, तो दुकानाच्या शोकेसमध्ये ठेवायचा स्क्रीन थेट डॉक्टरांच्या खोलीत. लांबच्या दवाखान्यातले पेशंट डॉक्टर त्यावरच तपासतात. तेव्हापासून आमच्याकडे कुणी आजारी म्हणून दिसतच नाही. मी त्याच खोलीतली नर्स, रोज हा चमत्कार बघते.

काल त्यावर माझी धाकटी बहीण आली. आई सकाळीच फोनवर रडत होती, "अगं, पोर पिवळीधमक पडलीये. डोळेसुद्धा!" स्क्रीनवर मात्र बाईसाहेब लग्नाला निघाल्यासारख्या गुलाबी.

"ताई, उभंसुद्धा राहवत नाहीये गं," ती म्हणाली.

"छे, गालांवर लाली आहे की!" डॉक्टर खूश झाले. "घरी जाऊन जरा आराम करा."

"डॉक्टर, हा स्क्रीन रंग चढवून दाखवतो. तिला कावीळ आहे."

"सिस्टर, समितीत मीच होतो. याच्यासारखे रंग दुसऱ्या कुठल्या स्क्रीनला नव्हते."

माझं डोकंच फिरलं. टेबलाखाली जुना स्क्रीन धूळ खात पडला होता. तो उचलून वर आदळला आणि वायर त्यात खुपसली. बहीण दिसली. पिवळीजर्द, पार डोळ्यांच्या पांढऱ्या भागापर्यंत.

"आता बघा!"

डॉक्टरांनी चष्मा पुसला, वाकून नीट पाहिलं आणि समाधानाने मान हलवली.

"पाहिलंत? किती पिवळट दाखवतो हा! म्हणूनच तर बदलला."

या माणसाच्या हातात माझी बहीण आहे, या विचाराने मला रडूच फुटणार होतं. तिकडे ती भिंतीचा आधार घेऊन उभी होती.

"ताई, मग मी घरी जाऊ ना? डॉक्टर म्हणाले तसं?"

"घरी जायचं नाही," मी म्हटलं. "ॲम्ब्युलन्स पाठवते, इकडे ये. डॉक्टरांना बाहेर उन्हात नेऊन, स्क्रीनशिवाय तुझे डोळे दाखवते."