पाच नंबरचे दोन शर्ट

सुआवी आबी गेला हे मशिदीच्या भोंग्यावरून कळलं, तेव्हा मी गुडघे टेकून कपाटाच्या तळच्या खणात लॅव्हेंडरच्या पुरचुंड्या ठेवत होतो. लोकरीला कसर लागू नये म्हणून दर वसंतात हे करावं लागतं. एकशे चौदा शर्ट, एकशे चौदा पुरचुंड्या. एकाहत्तराव्या वर्षी हे काम अंगावर येतं. उठायचं तर नेर्मीनला हाक मारावी लागते, आणि माझी बायको नुसती येत नाही, बोलत येते.

"या घरात माणसं दोन आणि कपाटं सात," मला ओढून उभं करत ती म्हणाली. मग भोंग्यावरचं नाव तिनं ऐकलं. "तुझा पाच नंबर गेला रे."

मी पलंगावर बसलो. रडू वगैरे आलं नाही. आणखी एक जिना चढायचा राहिलाय असं कळल्यावर वाटतं, तसं वाटलं.

आमच्या आखातकाठच्या कार्शियाकात मला सगळे 'शर्टवाला बेद्री' म्हणतात. आपल्या फुटबॉल क्लबवर याचा भारी जीव, असा लोकांचा समज. जीव आहेच, हिरवा-लाल रंग दिसला की माझी मान आपोआप वळते. पण खरं कारण नेर्मीनखेरीज कुणाला ठाऊक नाही. क्लब कोरे शर्ट आणायचा आणि पाठीवरचे आकडे माझी आई शिवायची. हातानं, गोधडीच्या जाड दोऱ्यानं. आकड्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्याला ती तीन गाठी मारायची, कारण झटापटीत तोच कोपरा आधी उसवायचा. ती गेली तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. तिच्या हातचं घरात काही उरलं नव्हतं. होतं ते अकरा खेळाडूंच्या पाठीवर. तेव्हापासून मी त्या गाठी शोधत हिंडलो. बाकीचे शर्ट त्या नादात जमले. तिनं शिवलेल्या शेवटच्या संचातले दहा मिळाले. पाच नंबर तेवढा अडला, आणि तो घालून खेळायचा सुआवी, ज्याला आम्ही आबी, म्हणजे थोरला भाऊ म्हणायचो.

दोन वर्षं मी दर रविवारी त्याच्याकडे गेलो. हातात गरम बोयोजची, आमच्याकडच्या पापुद्र्यांच्या पावांची पुडी. त्याच्या लिंबाच्या झाडाखाली बसायचं, खायचं, जुने सामने उकरून काढायचे, आणि निघताना हळूच विचारायचं, "आबी, शर्ट सापडला का?"

"माळ्यावर असेल रे कुठेतरी. बघतो."

तेव्हा त्याची बायको, मेलाहात येंगे, म्हणजे आमची वहिनी, चहा ओतता ओतता दुसरीकडे बघायची. अखेर एकदा थंडी सरता सरता त्यानं शर्ट माझ्या हातात ठेवला. मी किती म्हटलं तरी पैसे घेतले नाहीत.

घरी येऊन आकडा आतून पाहिला. साधा दोरा, एकही गाठ नाही. रंग विटलेला होता, कोपरं झिजलेली होती, पण शर्ट आईचा नव्हता. मी तो प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधला, गाठीला 'नकली' अशी चिठ्ठी अडकवली आणि तळच्या खणात टाकला. रविवार बंद केले. बाजारात आबी दिसला तर हात वर करायचो, थांबायचो नाही. बारा वर्षं ती अढी मनात ठेवली.

खरा शर्ट मिळाला चार वर्षांपूर्वी, आणि मिळाला कुठे, तर आखाताच्या पलीकडे, आमच्या हाडवैरी क्लबच्या गोझ्तेपेत! तिथल्या एका जुन्या खेळाडूचं घर आवरत होते, त्याच्या ट्रंकेत तळाशी होता. हिरवा-लाल, पाच नंबर, तीन गाठी. म्हणजे सामना संपल्यावर आबीनं शर्टाची अदलाबदल केली होती, तीसुद्धा गोझ्तेपेवाल्याशी. आमच्याकडे हे फुटलं असतं तर न्हाव्यानं त्याला खुर्चीत बसू दिलं नसतं. तोंड उघडणार तरी कसं त्यानं? हे सगळं मला समजलं. पण अढी गेली नाही. फसवलं ते फसवलंच, असं मी धरून बसलो.

दहा वाजता त्याचा मुलगा ओनुर दारात उभा; मला तो अम्जा, म्हणजे काका म्हणतो. डोळे सुजलेले.

"बेद्री अम्जा, बाबांचा शर्ट दोन तासांपुरता द्याल? शवपेटीवर क्लबच्या झेंड्याबरोबर घालायचाय. आई म्हणत होती, मागू नकोस. पण तुमच्याखेरीज मागू कुणाकडे?"

"का नको म्हणाली?"

"काय माहीत. म्हणाली, त्यांना अवघडल्यासारखं होईल."

त्याला बसवून मी आत गेलो. वरच्या खणात खरा, तळच्या खणात नकली. नकली देणं सोपं होतं. शंभर हात लागले, फाटला, हरवला, तरी माझं काही जात नव्हतं, आणि कुणाला कळणारही नव्हतं. खरा गेला तर? मागे एका गोलरक्षकाच्या पेटीवरचा शर्ट कब्रस्तानातून परत आलाच नव्हता. अकराचा संच पुरा करायला मला पंचेचाळीस वर्षं लागली होती. पुन्हा शोधायचं बळ आता अंगात नाही.

नेर्मीन दारात येऊन उभी राहिली. "कुठला देतोयस?"

"बघतोय."

"त्यात बघायचं काय? तुझ्या आईनं तो तुझ्या कपाटासाठी शिवला होता का?"

मी वरचा खण उघडला.

दुपारच्या नमाजानंतर मशिदीच्या अंगणात दगडी ओट्यावर पेटी होती. तिच्यावर झेंडा, झेंड्यावर शर्ट, पाचाचा आकडा वर. मेलेल्याला सगळ्यांची माफी मिळावी म्हणून इमामानं रिवाजाप्रमाणे जमलेल्यांना विचारलं, "तुमचा या माणसावर काही हक्क राहिला असेल, तर तो सोडलात का?"

"सोडला!" सगळे एका आवाजात म्हणाले. माझे ओठ हलले नाहीत. दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हाही नाही. तिसऱ्यांदा म्हणालो "सोडला", पण शेजाऱ्यालाही ऐकू गेलं नसेल.

पेटी उचलायच्या आधी मागच्या बायकांतून मेलाहात येंगे पुढे आली. शर्ट सारखा करताना तिचं बोट उसवलेल्या कडेतून आकड्याखाली गेलं आणि गाठींशी थांबलं. तिनं मान वर करून गर्दीत मला शोधलं. मी खाली बघितलं.

दफनाआधी ओनुरनं शर्ट काढून नीट घडी घातली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. त्यांच्या घरी परतलो तर स्वयंपाकघरात येंगे मयताच्या हलव्यासाठी रवा भाजत होती. तिनं मला आत बोलावलं आणि स्टुलावरच्या शर्टाकडे बोट केलं.

"हा मी शिवलेला नाही."

"नाही."

"तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी."

तिचा झारा थांबला. "म्हणून यायचा बंद झालास! आणि तो मेला दर रविवारी फाटकाकडे बघत बसायचा."

"येंगे, मला खरं सांगता आलं असतं त्याला."

"गोझ्तेपेवाल्याला दिला म्हणून सांगायचं? तुला? सगळ्या गावात तुलाच?" ती परत ढवळायला लागली. "तुला रिकाम्या हातानं पाठवायची लाज वाटायची रे त्याला. म्हणाला, बेद्री झुरतोय, एक शिवून दे. मी शिवला, फक्त तुझ्या आईच्या गाठी मारायला हात धजला नाही. पण कोरा करकरीत दिसायचा. मग सबंध हिवाळा अंगात घालून लिंबांना पाणी घालत बसला. झोपायचासुद्धा त्यातच. मी ओरडायचे, म्हातारचळ लागलाय का म्हणून."

तिनं स्टुलावरचा शर्ट माझ्याकडे सरकवला.

"हा घेऊन जा. तुझ्या आईच्या गाठी इथल्या सगळ्या बायकांना ठाऊक होत्या," ती म्हणाली. "पण तो माझा मला दे. टाकला नाहीस ना? त्याचे बाकीचे कपडे आजारपणात धुवून धुवून नुसते साबणाचे झालेत. त्याचं असं काही उरलं नाही माझ्याकडे."

मी शर्ट कधी धुवत नाही. जमवणाऱ्याचा तो पहिला नियम.

घरी गेलो. पुन्हा गुडघे टेकले, पुन्हा नेर्मीनला हाक मारली. या खेपेला ती काही बोलली नाही. वाटेत पिशवीवरची चिठ्ठी उपटली आणि खिशात कोंबली. परत आलो तेव्हा येंगेनं हलव्याचा दुसरा घाणा चढवला होता. तिनं पिशवीची गाठ सोडली, पाठमोरी झाली आणि शर्टात तोंड खुपसलं. तंबाखूचा, ओल्या मातीचा, घामाचा वास माझ्यापर्यंत आला. बारा वर्षं आबीला मी 'नकली' म्हणून तळच्या खणात बांधून ठेवलं होतं.

मशिदीत मी माझा हक्क सोडून आलो होतो. त्याचा माझ्यावरचा हक्क सोडायला तो आता नव्हता.

"येंगे," मी म्हणालो, "त्याच्या वतीनं तू सोडशील?"

ती वळली नाही. तिचे खांदे हलत होते.

"ढवळ," ती शर्टातूनच म्हणाली. "खाली लागेल."

मी झारा उचलला.