नरसिंगपूरचं अर्धं तिकीट

कॉलेजात माझ्या पुढं असलेल्या माधवीताईनं मला तिचा माणूस दिला तो बारामतीच्या एसटी स्टँडवर, निळ्या पत्र्याच्या ट्रंकेत. पुरा नव्हता, अर्धाच होता. एक कवटी, एक हात, एक पाय, एका बाजूच्या बरगड्या आणि दोऱ्यात ओवलेले मणके. डॉक्टरकी शिकणाऱ्या मुली पहिल्या वर्षी याला ‘बोन सेट’ म्हणतात. एकीचं वर्ष निघालं की तो पुढचीकडे जातो. झाकणाच्या आतल्या बाजूला चार मुलींची नावं लिहिलेली होती. त्या माणसाचं नाव तेवढं कुठं नव्हतं, आणि ते नाही हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

१९९४ चा श्रावण होता. पुण्याच्या कॉलेजात मी ॲनाटॉमीत नापास झाले होते. लेखी निघाला होता, तोंडीत अडकले. परीक्षकांनी तळहातावर एक हाड ठेवलं नि विचारलं, “कुठल्या हाताचं?”

“उजव्या.”

“नक्की?”

एवढ्या एका शब्दानं मी डगमगले. “डाव्या,” म्हटलं. मग परत “उजव्या.” सरांनी हाड काढून घेतलं आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

निमगाव केतकीला घरी आले तर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आधी मला जेवायला बसवलं. मेंढरांचा कळप त्यांनी मी दहावीत असताना विकला. आता थोडी शेती, आणि चार मेंढ्या, जीव रमायला. जेवून हात धुताना म्हणाले, “आक्टोबरात एकदा बघ. न्हाय जमलं तर बारामतीला बीएस्सीला नाव घालू. घरनं यिऊन-जाऊन हुतंय.” रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. मीही मनाशी ठरवून टाकलं. या खेपेला त्या ‘नक्की?’ला उत्तर आलं नाही, तर पांढरा ॲप्रन धुऊन, घडी घालून ठेवायचा.

तर ती ट्रंक. घरी सांगितलं की पुस्तकं आहेत. आई गेल्यापासून घर सारजा आत्याच्या हातात होतं. आत्या आबांची थोरली बहीण. सुतक, विटाळ, शिवाशिव सगळं पाळणारी. घरात मेलेल्या माणसाची हाडं आलीत हे तिला कळलं असतं, तर तिनं मला ट्रंकेसकट अंगणात बसवलं असतं. म्हणून मी दुपारी दार लोटून हाडं काढायची, कुणाची चाहूल लागली की चादरीखाली सारायची.

पण कुठलीही चादर कधीतरी धुवायला लागतेच.

आत्यानं कधी बघितलं, मला कळलं नाही. ती ओरडली नाही, काही नाही. तीन दिवस संध्याकाळी देवाला लावायची त्यातलीच एक पणती माझ्या खोलीच्या उंबऱ्याशी यायला लागली एवढंच. मी विचारलं, “हे काय?” तर म्हणाली, “आसू दे. तू काय तिच्यावर चा करनार हायस?”

चौथ्या दिवशी मी माधवीताईच्या नोट्स आणायला बारामतीला गेले. दिवस कलता कलता परत आले, ट्रंक उघडली. पुस्तकं नीट रचून ठेवलेली. वर तुळशीचं एक पान. पत्र्याला हळदीकुंकवाची दोन बोटं. हाडं नव्हती.

आत्या ओसरीवर बसून लोकर कातत होती. हातातली चाती, म्हणजे लोकरीला पीळ देणारी चकतीची काडी, गरगरत होती.

“आत्या, ट्रंकेतलं कुठं हाय?”

“पोचवलं.”

“कुठं पोचवलं?”

“नरसिंगपूरला. संगमात.”

 निमगावहून इंदापूर, इंदापूरहून नरसिंगपूर, दोन एसट्या बदलून ही बाई नीरा-भीमेच्या संगमावर जाऊन माझी परीक्षा पाण्यात सोडून आली होती.

“सगळं?”

“मग? ठिवून घ्यायचं असतंय व्हय त्यातलं?” चाती थांबली. “कंडक्टर म्हनला, मावशी, पिशवीत काय? म्हनलं, मानूस हाय. हसला मेला. म्हनला, मग अर्धं तिकीट फाडू का त्याचं? म्हनलं, फाड, अर्धाच हाय.”

मला हसू आलं नाही. मी रडले, ओरडले, नको ते बोलले. म्हटलं, तू अडाणी आहेस, तू माझं वर्ष बुडवलंस, माझं सगळं बुडवलंस. आबा गोठ्यातून धावत आले. सगळं ऐकून कपाळाला हात लावला. “आक्का, पोरीची पाटी-पेन्सिल टाकलीस की गं पान्यात!”

“पाटी न्हवती ती,” आत्या म्हणाली. “कवटी हुती. दातसुदिक हुते. कुनीतरी न्हाऊमाखू घातलेली कवटी, आनि पोरगी तिला पेनानं टोचती. म्या इचारलं न्हाय तुला, चुकले. पर दिपे, तू तरी इचारलंस का कदी, ह्यो कोन म्हनून?”

 मग आत्याचा आवाज खाली आला.

“घाटावर भटजीबुवानं नाव इचारलं. नाव घेतल्याबिगर सोडता येत न्हाय म्हनं. आता मला कुठनं ठाव? मला आपलं एकच नाव ठाव हुतं. बिरू म्हनलं म्या.”

आबा तिथंच खाली बसले.

बिरू म्हणजे आत्याचा नवरा. मी जन्मायच्या आधी मेंढरं घेऊन कोकणात उतरला तो आलाच नाही. घाटाखाली ताप आला, सोबत्यांनी तिकडंच उरकलं आणि माघारी घोंगडं तेवढं आणलं. ना राख, ना हाड. सव्वीस वर्षं आत्याच्या ओंजळीत सोडायला काही नव्हतं. ते मी तिला ट्रंकेतून आणून दिलं होतं, आणि वरून तिलाच अडाणी म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी स्टँडजवळच्या एसटीडी बूथवरून माधवीताईला फोन लावला. ती बारामतीच्या बागायतदाराची लेक, बोलायला फटकळ. म्हटलं आता ही मला सोडत नाही.

“सगळी? कवटी पण?”

“हो.”

 मग ती म्हणाली, “दीड वर्ष माझ्या उशाशी होती गं. मी तिच्यावर टोपी ठेवायचे.” लगेच पुढं म्हणाली, “हे बघ, दुसरा सेट आता मिळायचा नाही, ज्याची त्याला परीक्षा आहे. तू जिवंत माणूस धर. कातडीवरून हाताला लागतं ते हाड आधी शीक. कुणी बारीक अंगाचं आहे का घरात?”

मी घरी आले तर आत्या माझी वाट बघत बसलेली. दोन्ही बाह्या खांद्यापर्यंत सारलेल्या.

“माजं काय चुकलं, काय बरोबर, ते द्येवाला म्हाईत,” ती म्हणाली. “पर तुजी हाडं म्या नेली. तवा ही घे. ही बी हाडंच हायत, नुसतं कातडं हाय वर.”

खरंच होतं ते. आत्याच्या अंगावर मांस म्हणून नव्हतं. पुस्तकातलं एक एक टोक तिच्या हातावर बोटाला लागत होतं. परीक्षेला वीस दिवस राहिले होते. मेंढ्यांच्या पाठीवर खूण करायला आबांकडे गेरू असायचा, तो कालवला आणि आत्याच्या खांद्यापासून बोटांपर्यंत हाडं काढली. शेजारची कुशाबाई ताक मागायला आली ती दारातच थबकली.

“आगं बया, सारजाबाईला रंगवून जत्रंला काढली का काय?”

“व्हय,” आत्या म्हणाली, “पर कापायची न्हाय, शिकायची हाय.”

आत्याला बसून राहणं ठाऊक नव्हतं. मी हाडं मोजायची नि ती कातत राहायची. आणि एका सकाळी मला ते दिसलं. चातीला पीळ द्यायला तिनं उजवा हात फिरवला, आणि गेरूची एक रेघ दुसऱ्या रेघेवरून सरकत पलीकडे गेली. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात. एक जागेवर राहतं, दुसरं, रेडियस, त्याच्यावरून फिरतं. पुस्तकात ते अर्धं पान होतं आणि मी ते घोकलेलं होतं. पण रेडियसचं वरचं टोक असं गोल चकतीसारखं का, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. चातीला असते तशी चकती. फिरायचं म्हणून.

“आत्या, थांब! परत फिरव.”

“फिरवती की. वरसं झाली, फिरवतीच हाय.”

मी तिचा हात धरून डोळे मिटले. मनगटाचा सुळका अंगठ्याकडे. मागच्या बाजूला मुगाएवढा उंचवटा. उजवा हात असा, डावा असा.

मनगटातली आठ बारकी हाडं मात्र कितीदा म्हटली तरी सांडायची. आत्यानं विचारलं, “नावं काय त्यांची?” मी नावांचे अर्थ सांगितले. एक होडी, एक चंद्र, एक तिकोनी, एक वाटाण्याएवढं. मग दोन चौरंगासारखी, एक डोक्यासारखं, शेवटचं आकड्याचं.

“आकडीवाला तर काठी घेतलेला धनगरच झाला,” ती म्हणाली. थोडा वेळ नुसती चाती घुमली, आणि मग तिनं सूर धरला.

पहिली माझी ओवी गं, मनगटाच्या होडीला
चांदोबा बसला बाई, होडीच्या जोडीला

दुसरी माझी ओवी गं, तिकोन्या दगडाला
दगडावर ठेविला बाई, वाटाणा एवढाला

तिसरी माझी ओवी गं, मांडिल्या दोन पाटाला
मधी बसला डोईवाला, आकडी शेजारच्या काठीला

त्यानंतर ती आठ हाडं कधी सांडली नाहीत.

ऑक्टोबरात तोंडी परीक्षेला तेच सर होते. त्यांनी ताटातलं एक हाड उचललं आणि पुढं केलं. मी एका हातानं घेणार होते, पण कसे कोण जाणे, दोन्ही हात पुढं झाले. आत्या प्रसाद घेते तसे.

“कुठलं हाड?”

“रेडियस.”

“कुठल्या हाताचं?”

मी ते माझ्या हाताशी धरलं. सुळका अंगठ्याकडे, उंचवटा मागं. “उजव्या.”

“नक्की?”

 पंख्याचा आवाज मोठा झाला. मी डोळे मिटले नि हाड थोडं फिरवलं, ओसरीवर फिरायचं तसं.

“नक्की, सर.”

“कशावरून?”

इंग्रजी वाक्य पाठ होतं. तोंडातून निघालं मराठी. “डावं असतं तर चाती उलटी फिरली असती, सर.”

“चाती?”

मग मी सांगितलं. इंग्रजीत, मराठीत, हातानं. चकती कुठं, पीळ कुठं, कुठलं हाड थांबतं नि कुठलं जातं. सर चष्मा काढून ऐकत राहिले. शेवटी त्यांनी स्वतःचाच हात टेबलावर दोनदा उताणा-पालथा केला, आणि मनगटाच्या हाडांची वाटी माझ्याकडे सरकवली. “आता ही.” ती मी कुठल्या सुरात सांगितली, ते त्यांनी विचारलं नाही.

निकाल लागला तेव्हा ज्वारी पोटऱ्यात आली होती. मी पास झाले. माधवीताईचा सेट भरून द्यायचा होता. माझ्या वर्गातल्या एकीनं तिचा दिला. तो बारामतीला पोचवायच्या आधी मी वाट वाकडी करून निमगावला आले, ट्रंक ओसरीवर ठेवली आणि झाकण उघडलं.

“आत्या, हा दुसरा माणूस. ह्याचं बी नाव ठाऊक न्हाय मला. पर ह्याला अजून काम हाय. चार पोरी शिकायच्यात ह्याच्यावर. मग मीच आनते त्याला तुज्याकडं.”

आबा आत्याच्या तोंडाकडं बघत राहिले. आत्यानं आत डोकावलं. कवटीच्या कपाळावरून बोट फिरवलं, हळूच, झोपलेल्या लेकराच्या फिरवतात तसं.

“काम करतोय म्हन की,” ती म्हणाली. “मग ऱ्हाऊ दे.”

आत जाऊन तिनं काहीतरी आणलं. काळ्या लोकरीची पिशवी, तोंडाला नाडी. त्या वीस दिवसांत कातलेलं सूत तिनं घोंगडी विणणाऱ्या सनगराकडनं विणून आणलं होतं. तिच्या हातावरची रेघ न् रेघ बघत मी शिकत होते, तेव्हाचंच हे सूत.

“ह्यात घाल त्याला,” आत्या म्हणाली. “पत्र्यात गार पडतंय.”

मग आम्ही दोघींनी एक एक हाड उचललं. मी त्याचं पुस्तकातलं नाव सांगायची, आत्या ते तिच्या तोंडाला बसेल तसं म्हणायची आणि पिशवीत ठेवायची. रेडियस आलं तेव्हा तिनं ते हातावर तोललं, थोडं फिरवून बघितलं.

“ह्यो डावा,” ती म्हणाली.

“नक्की?” मी विचारलं.

“बया! मला इचारती?” म्हणून आत्या हसली, आणि डावाच होता तो.