घरचं ताट

"मॅडम, केळीचं साल कुठंच नाई," खड्ड्यात डोकं घालून गोपाल म्हणाला. "चोरलं कोनीतरी."

"साल कोन चोरते बे? सरक तिकडे." खुशीने त्याला ढकललं आणि खुरप्याने शेजारची माती हलकेच उकरली.

शाळा सुरू झाली तेव्हा टाकळीच्या चौथीतल्या पोरांनी मागच्या भिंतीलगत चार वस्तू पुरल्या होत्या: केळीचं साल, पळसाचं पान, वर्तमानपत्राचा कागद आणि जेवणाची चकचकीत पत्रावळ. आता थंडी पडली होती आणि आज उकरायचा दिवस होता. साल मातीत मिसळून गेलं होतं. पळसाच्या पानाची नुसत्या शिरांची जाळी उरली होती. कागदाचा काळपट लगदा झाला होता. शेवटचा खड्डा खुशीचा. तिने हात घातला आणि चंदेरी पापुद्रा ओढून काढला. हौदावर धुतल्यावर त्यात तिचं तोंड दिसायला लागलं.

"पत्रावळीचा मागचा कागद मातीने खाल्ला," त्यांची शिक्षिका रागिणी म्हणाली. "पुढचं प्लॅस्टिक तसंच राहिलं. अजून कितीतरी वर्षं राहील."

"माती बी नखरेवाली हाय," गोपाल म्हणाला. "चांदी नाई खात."

रागिणी हसली. अमरावतीच्या भिक्षुकाच्या घरातली ही मुलगी बी.एस्सी. झाली, डी.एड. झाली आणि नोकरी लागली तशी या एकाच शाळेत राहिली. सकाळी डबा, स्कूटी, परिपाठ, वर्ग, दुपारची खिचडी, पुन्हा स्कूटी. तिच्या नावावर एकही पुरस्कार नव्हता. पण तिच्या वर्गातली पोरं घरी जाऊन आयांना प्रश्न विचारत, आणि आया कधीमधी शाळेत येऊन तक्रार करत, हे तिला पुरत असे.

ती चंदेरी पत्रावळ पुरण्याचं कारण शाळेमागचा नाला होता. दर वर्षी मारुतीच्या देवळात रोडगे होत. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे, वांग्याची भाजी, वरण, वर तुपाची धार. अख्खं गाव जेवायचं. दुसऱ्या दिवशी पत्रावळींचा ढीग नाल्यात. वारा आला की त्या शाळेच्या आवारात उडत, आणि वरणाच्या वासाने गाई त्या चघळत बसत.

"मंग रोडगे खायाचे कशात?" कोणीतरी विचारलं.

"घरून ताट नेऊ," खुशी लगेच म्हणाली. "खाल्लं का धुतलं. कचराच नाई."

इतका साधा उपाय इतक्या पटकन सुचल्याचा रागिणीला फार आनंद झाला. त्याच संध्याकाळी तो पापुद्रा काठीला बांधून वर्ग देवळावर गेला. देवस्थानचे अध्यक्ष केशवराव ओट्यावर बसले होते. त्यांनी पोरांचं सगळं ऐकून घेतलं आणि भोंग्यावरून सांगायला लावलं: यंदा रोडग्याले सगळ्याईनं आपापलं ताट घरून आनाव.

दुसऱ्या दिवशी खुशी मागच्या बाकावर जाऊन बसली. मधल्या सुट्टीत रागिणीने तिला जवळ बोलावलं.

"काय झालं गं?"

"मी रोडग्याले नाई येत."

"का? कल्पना तर तुझीच."

खुशीने फ्रॉकची शिवण उसवायला घेतली. "आबाजी म्हनते, आपल्या घरचं कोनीच जानार नाई. मी ताट घासून बी ठेवलं होतं."

शाळा सुटल्यावर रागिणी तिच्याबरोबर घरी गेली. खुशीचे आजोबा पुंजाजी अंगणात ओल्या गोणपाटावर शेवंतीची फुलं निवडत बसले होते. पहाटे ती अमरावतीच्या बाजारात जायची होती. त्यांनी खुर्ची झटकून दिली, नातीला चहा ठेवायला पिटाळलं.

"तुमी शिकवता थे बराबर हाय, मॅडम," तेच आधी बोलले. "हे पोरगी घरी येऊन मलेच शिकवते. सुतळीचा तुकडा फेकू देत नाई."

"मग तिला का अडवता?"

पुंजाजींनी एक किडकं फूल काढून बाजूला ठेवलं.

"मी तिच्याएवढा होतो तवा बी रोडगे होत. साऱ्या गावाले पळसाच्या पत्रावळी. अन् आमच्या मोहल्ल्याले सांगत, ताट घरून आना, तिकडे पिंपळाखाली बसा. काहून, माहीत हाय? आमचं उष्टं कोनाले उचलाव लागू नये म्हनून. माहा बाप काखेत ताट दाबून पुढे चाले, मी त्याच्या मागं. वाढनारा वरूनच टाके." ते थांबले. "मंग हे तुमची चकचकीत पत्रावळ आली. खराब असन, मी नाई म्हनत नाई. पन थे साऱ्याईले एकसारखी भेटे. तिच्यावर मी जिंदगीत पहिल्या बारीनं ओट्याजवळ बसलो. आता पुन्हा काखेत ताट घेऊन जाऊ?"

खुशीने चहा आणला. कप हातात घेताना रागिणीला आपल्या माहेरचा मागच्या दाराचा कोनाडा आठवला. त्यात एक कप कायम पालथा असायचा, भांडी घासणाऱ्या गंगूबाईंचा. तिने चहा संपवला.

पत्रावळीच परत आणाव्यात का? पळसाच्या पत्रावळी आता गावात कोणी लावत नव्हतं. रात्रभर विचार करून काही निघालं नाही, तेव्हा सकाळी तिने प्रश्न वर्गापुढेच ठेवला. कोणाचं नाव न घेता सांगितलं, की पूर्वी या गावात काहींनाच घरून ताट आणायला लावत आणि वेगळं बसवत. म्हणून काही घरांना आपलं ताट घेऊन जाणं जिव्हारी लागतं.

खुशी बाकाकडे बघत राहिली.

"मंग खिचडीसारखं करू ना," गोपाल म्हणाला. "शाळेत कोनतं ताट कोनाचं असते? ढिगातलं वरचं हाती येईन थे घ्याचं."

रागिणी त्याच्या बाकाशी गेली. "म्हणजे सगळ्यांनी ताटं आधी शाळेत आणून द्यायची?"

"अन् आमी वाटू. कोनी निवडाचं नाई."

केशवरावांना हे पटवणं जड गेलं.

"मॅडम, बाया आयकनार नाईत. कोनाच्या ताटात कोन जेवलं, काही पत्ता लागनार नाई."

"तेच तर हवंय, काका."

केशवरावांनी टोपी काढून पुन्हा घातली. "हे तुमचं डोकं हाय का पोराईचं?"

"गोपालचं."

"थो देवानंदचा पोरगा? थो तर शाळेत फक्त खिचडीसाठी जाते," ते म्हणाले, आणि त्यांना हसू आलं. मग हसू ओसरलं. "करा. पन कोनी नाई आलं तर मले बोल लावाचा नाई."

रोडग्याचा दिवस आला. सगळे काही बदलले नाहीत. काही घरांनी ताटं दिलीच नाहीत, काही बाया पदराखाली आपापलं ताट घेऊन आल्या आणि तेच पुढ्यात ठेवून बसल्या. त्यांना कोणी काही म्हटलं नाही. तरी शाळेत जमलेल्या ताटांचा ढीग देवळासमोर बराच उंच झाला. लग्नात आलेली, वास्तूला मिळालेली, काठावर नावं कोरलेली ताटं. खुशीने आपल्या आजीचं, पार्बताबाईंचं ताट गुपचूप आणून दिलं होतं. ते सकाळीच ढिगात कुठेतरी खाली गेलं होतं.

नवा नेम तिने घरी सांगितला होता. पंगत बसत आली तेव्हा पुंजाजी आले. धुतलेला सदरा, रिकामे हात मागे. नळापाशीच उभे राहिले. खुशी ढिगाजवळून धावत गेली आणि वरचं ताट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उजेडात तिरपं धरलं.

"कोनाचं हाय हे?"

खुशीने अक्षरं वाचली. "केशवराव."

"दुसरं दे."

"वरचं हाती आलं थेच, आबाजी. नेम हाय."

पुंजाजी इकडे तिकडे बघत राहिले. मग पंगतीत गोपालशेजारी जागा होती तिथे बसले. वरणाची बादली धरून रागिणी पलीकडे उभी होती. पुंजाजींनी ताट दोनदा सरळ केलं, ते आधीच सरळ होतं.

रोडगे वाढत स्वतः केशवराव येत होते. पुंजाजींसमोर ते वाकले आणि थांबले. काठावरचं नाव त्यांनी वाचलं, हे रागिणीला लांबूनही कळलं. केशवरावांनी एक गरम रोडगा दोन्ही हातांनी फोडला, ताटात ठेवला, बोटांनी कुस्करला आणि त्यावर तूप ओतलं. मग पुढे गेले.

पंगत संपत आली तेव्हा ते पुन्हा त्याच ओळीने आग्रह करत परतले.

"अर्धा घ्या, पुंजाजी."

तोंडात घास होता. पुंजाजींनी डावा हात ताटावर आडवा धरला.

"बस झालं."

"अर्धाच म्हनतो ना."

"नाई म्हटलं ना बावा."

हात तसाच ताटावर राहिला. केशवराव अर्धा रोडगा घेऊन वाकून उभेच होते, आणि तूप ओघळत त्यांच्या मनगटापर्यंत आलं होतं.