गुण्याचा सूड

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि अशी कल्पना करा, की तुम्ही जन्मात एकदाही खोटे बोललेला नाहीत. घरात वाद झाला की सगळे तुमच्याकडे येतात आणि तुम्ही सांगाल ते मुकाट्याने मान्य करतात. मग एके दिवशी घरातलाच एक माणूस तुमचा हात धरतो, त्या हाताने रंगाचा डबा उचकटतो, आणि तुमचा हात मुरगळला तरी वळून पाहत नाही. आता डोळे उघडा. राग आला ना? मग माझी गोष्ट तुम्हांला कळेल.

मी सुताराचा एक जुना गुण्या आहे. जाड लोखंडी दांडा आणि त्यात रिव्हेटांनी ठोकून बसवलेले पोलादी पाते, एवढाच माझा देह. दांडा फळीच्या कडेला टेकवून पात्याच्या बाजूने रेघ मारली की ती बरोबर काटकोनात येते. कापलेल्या फळीला मला लावून उजेडाकडे धरायचे. पाते आणि लाकूड यांच्या मधून उजेड दिसला तर काप वाकडा, न दिसला तर सरळ. मला एवढेच सांगता येते. पण वडनेर भोलजी गावच्या किसनरावांच्या कारखान्यात या एवढ्यावरच सगळे चालत असे.

किसनराव देव्हारे करतात. सागवानाचे, कोपऱ्यात तिरप्या कापाने जुळवलेले. त्यांच्या वडिलांनी मला एका लोहाराकडून घडवून घेतले होते. देव्हारा पुरा झाला तरी "गुण्याले विचारलं का?" असे म्हटल्याशिवाय किसनराव तो गिऱ्हाइकाला देत नसत. दिवस मावळला की मला तेलाच्या फडक्याने पुसून खुंटीवर टांगत. मी तेव्हा फार सुखात होतो.

मग कारखाना त्यांचा मुलगा दीपक पाहू लागला. दीपक कामाला वाईट नव्हता, पण घाईचा होता. मी फळ्यांखाली सापडायचो, भुशात पडायचो. तेही मी सोसले. पण पोळ्याच्या दिवशी बैलांची शिंगे रंगवायला हिरव्या रंगाचा डबा काढला आणि त्याचे झाकण निघेना. दीपकने इकडे तिकडे पाहिले. हाताशी मी होतो. माझ्या पात्याचे टोक त्याने झाकणाच्या खाचेत घातले आणि दांड्यावर जोर दिला. माझ्या रिव्हेटात कट् असा आवाज झाला. झाकण उघडले, बैल सजले, वाजतगाजत निघाले. मी मात्र टोकाला हिरवा रंग घेऊन अंगणात पडून राहिलो. पाते केसभर सरकले होते. डोळ्यांना दिसणार नाही इतकेच.

त्या दिवशी मी ठरवले, की आता बघून घेईन.

सूड घ्यायला मला काही करावेच लागले नाही. दीपक माझ्या बाजूने रेघ मारी आणि त्या रेघेवर इतक्या नेमकेपणाने करवत चालवी, की मलाच हसू येई. रेघच खोटी, तर काप खरा कसा येणार? देव्हाऱ्याचे कोपरे जुळवले की मध्ये फट राही. दीपक त्यात भुसा आणि डिंक भरी, पण तो वाळला की फट परत दिसे. एका गिऱ्हाइकाने देव्हारा परत आणला. विमलबाई, म्हणजे दीपकची आई, त्यात डोकावून म्हणाल्या, "चांगलं हाये. सांध्यातून इतका उजेड येते, की देवाले आता समई लावाचं काम नाही."

किसनराव हसले नाहीत. त्यांनी दीपकचा हात उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "माह्या बापाच्या हाताखाली असा काप मारला असता, तर त्यानं जेवू नसतं घातलं."

दीपक खाली मान घालून उभा होता. मी खुंटीवरून पाहत होतो. मित्रांनो, खोटे कशाला बोलू, मला फार गोड वाटले.

तेव्हापासून दीपकच्या डोक्यात मशीन शिरली. मायटर सॉ म्हणतात तिला. तिचा फिरता दातेरी चक्का हव्या त्या कोनात लावून खाली दाबला की तिरपा काप एका झटक्यात होतो. शेजारच्या रंगरावांनी स्वस्तातली आणली होती, पण तिचा दांडा डुलायचा आणि काप हलायचा. म्हणून दीपकला भारीतलीच हवी होती. किंमत ऐकून विमलबाईंनी कपाळाला हात लावला. दीपक म्हणाला, की हाताने आता होत नाही, मनगट रात्रभर ठणकते आणि वरून बोलणीही खावी लागतात. मशीन नसेल तर तो संभाजीनगरला फर्निचरच्या कंपनीत कामाला जाणार होता.

त्याची मुलगी छकुली पाचवीत होती. त्या दिवसापासून ती शाळेतून आली की दप्तर न उतरवताच कारखान्यात बापाजवळ येऊन बसू लागली.

शेवटी किसनरावांनी एक अट घातली. खामगावचा दुकानदार ओळखीचा होता, तो मशीन चार दिवस वापरून पाहायला द्यायला तयार होता. किसनराव म्हणाले, "आण. पण एवढी महाग चीज हाये, तर काप सुताइतका बी हलला नाही पाहिजे. गुण्याले विचारू. तो हो म्हणला तर ठेव."

मशीन आली. काय तिचा डौल! दीपकने सागवानाची फळी सरळ कापली. काप आरशासारखा आला. किसनरावांनी मला खुंटीवरून काढले, दांडा फळीला टेकवला, पाते कापावर ठेवले आणि उजेडाकडे धरले.

मित्रांनो, त्या क्षणाची वाट मी पोळ्यापासून पाहत होतो. माझ्या पात्याखालून उजेडाची बारीक रेघ आली. किसनरावांनी पुन्हा पाहिले. पुन्हा तीच रेघ.

"वाकडी हाये," ते म्हणाले. "वापस कर."

दीपकने हुज्जत घातली नाही. गुण्याशी कोण हुज्जत घालणार? त्याने मशीन खोक्यात भरली, मग आत जाऊन कपड्यांची पिशवी काढली. आता तो जाईल, मी मनात म्हणालो, आणि परक्या गावात दुसऱ्यांची बोलणी खाईल. माझा सूड पुरा झाला होता. फक्त एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. तो गेल्यावर मला विचारणार कोण होते?

छकुली मात्र कारखान्यातून हलली नाही. तिने मला उचलले. ती लहान असताना किसनरावांनीच तिला एक खेळ शिकवला होता. फळीच्या कडेला गुण्या लावून रेघ मारायची. मग गुण्या पालथा करून त्याच जागेवरून दुसरी रेघ मारायची. दोन्ही रेघा एकीवर एक बसल्या तर गुण्या खरा. किसनराव स्वतः तो खेळ कधीच विसरून गेले होते. इतकी वर्षे खरे बोलणाऱ्याला तपासावे, असे कुणाच्या मनातही आले नव्हते.

छकुलीने रेघ मारली. मला पालथे केले. मी जीव खाऊन दांडा आवळला, पण लोखंडाला काय आवळता येणार? तिने दुसरी रेघ मारली. दोन्ही रेघा खाली एका ठिपक्यातून निघाल्या आणि वर जाताजाता चिमट्यासारख्या फाकल्या.

ती फळी घेऊन आत गेली. "आबा, मशीन नाही. गुण्याच खोटं बोलून राह्यला."

किसनराव रेघांकडे पाहत राहिले. मग त्यांनी मला हातात घेतले, नखाने पात्याच्या टोकावरचा रंग खरवडला आणि तो हिरवा कपचा तळहातावर घेतला.

"हा रंग पोळ्याचा हाये. याले डब्ब्यात कोनं घातलं?"

दीपक म्हणाला, "झाकण निंगत नव्हतं, बाबा."

बघा मित्रांनो, माझा खरा सूड तो होता. मी एक शब्दही न बोलता सगळे सांगून मोकळा झालो, आणि तेही त्याच्या पोरीच्या तोंडून. आता त्याला जन्मभर पुरेल असे ऐकायला मिळणार, म्हणून मी टपून बसलो.

पण किसनरावांनी त्याला काहीच म्हटले नाही. त्यांनी मला ऐरणीवर ठेवले. एक हलका ठोका, मग रेघ, मला पालथे करून पुन्हा रेघ. परत एक ठोका. छकुली पेन्सिल धरून बसली होती. दोन रेघांची एक झाली, तेव्हाच त्यांनी हातोडी खाली ठेवली. मग मशीनने कापलेली फळी मागवली आणि मला लावले. उजेड नाही. मग त्यांनी दीपकला माझ्या बाजूने रेघ मारून करवतीने फळी कापायला लावली. मला लावले. उजेड नाही.

किसनरावांनी दोन्ही फळ्या शेजारी शेजारी ठेवल्या.

"मी पोळ्यापासून तुह्या हाताले बोलून राह्यलो," किसनराव म्हणाले. "हात तुहा सरळच होता. मशीन ठेव. हात वाईट हाये म्हणून नाही, हात दुखते म्हणून ठेव."

दीपकने पिशवीतले कपडे परत दोरीवर टाकले.

मी त्याला माफ केले असे मात्र समजू नका. रिव्हेटातली कळ मला अजून आठवते. ज्याच्यावर विश्वास टाकता, त्याला जपा आणि अधूनमधून तपासाही, एवढे मी तुम्हांला सांगेन. दीपकला सांगायची मला गरज पडली नाही. आठवड्याने नवा देव्हारा झाला, सांधे असे बसले की नखही शिरेना. पॉलिशचा डबा काढला तर त्याचे झाकण घट्ट बसलेले. दीपकची नजर डब्यावर होती आणि हात सवयीने खुंटीकडे, माझ्याकडे आला.

छकुली मध्ये उभी राहिली. तिने त्या हातात स्क्रू पिळायचा पेचकस ठेवला, आणि झाकण उघडेपर्यंत खुंटीसमोरून हलली नाही.